‘मला’चा ‘आय’ होतो तेव्हा

‘‘नमस्कार मॅडम. माझा मुलगा नववीत आहे. चाचणीत त्याला ‘ही टॉट अस ग्रामर’ या वाक्याचा व्हॉइस बदलायला आला होता. त्याने ‘ग्रामर वॉज टॉट टू अस बाय हिम’ असं लिहिलं. बाईंनी त्यावर लाल फुली मारून बाजूला ‘वी वेअर टॉट ग्रामर बाय हिम’ असं लिहून दिलं. घरातल्या जुन्या गाइडमध्ये मात्र मुलाचंच उत्तर छापलेलं आहे. तो मला विचारतो, ‘आई, नक्की कोणतं बरोबर?’ मी मराठी माध्यमात शिकले. दोन ऑब्जेक्ट आले की माझाच गोंधळ उडतो. ‘बाईंना विचार’ म्हणून मी वेळ मारून नेली, पण ते मनाला लागून राहिलं. खरं सांगायचं तर ‘वी वेअर टॉट ग्रामर’ हे मला वाचायलाच चुकीचं वाटतं. आपण शिकवले गेलो की व्याकरण शिकवलं गेलं? मला समजेल असं सांगाल का? – एक आई’’

प्रिय ताई,

सगळ्यात आधी मुलाला सांगा की त्याचं उत्तर बरोबर आहे. बाईंनी लिहून दिलेलं वाक्यही बरोबर आहे. या वाक्याची पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी, रूपं दोन होतात, आणि एक आलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. फुलीचं काय करायचं ते पुढे सांगते. त्याआधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येऊ द्या. ‘आपण शिकवले गेलो की व्याकरण शिकवलं गेलं?’ इतका नेमका प्रश्न मला वर्गात फार कमी वेळा ऐकायला मिळाला आहे. या धड्याची सगळी अडचण त्या एका प्रश्नात आहे, आणि ती सुटली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आपल्या भाषेपासून सुरुवात करू. ‘त्याने मला वही दिली.’ ‘त्याने मला पुस्तक दिलं.’ ‘त्याने मला कागद दिला.’ तिन्ही वाक्यांत क्रियापद कोणाकडे बघून बदललं? वही, पुस्तक, कागद यांच्याकडे बघून. आता ‘मला’च्या जागी ‘तिला’, ‘आम्हाला’, ‘मुलांना’ असं काहीही घाला. ‘त्याने मुलांना वही दिली.’ क्रियापद ढिम्म हलत नाही. मराठीत घेणाऱ्याला ‘ला’ किंवा ‘ना’ चिकटलेला असतो आणि तो चिकटलेला असेपर्यंत क्रियापद त्याच्याकडे बघतही नाही. देणारा वाक्यातून काढून टाकला तरी तेच. ‘मला वही दिली गेली.’ ‘मला’ तो ‘मला’च राहिला. ‘मी वही दिलो गेलो’ असं कोणी म्हणणार नाही. लहान मूलही नाही.

म्हणजे मराठीच्या कानाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दिली जाते ती वस्तू, माणूस नाही. ‘वी वेअर टॉट ग्रामर’ हे वाक्य तुम्हाला खटकलं ते म्हणूनच. तुमचा कान मराठीच्या नियमाने अगदी बरोबर चालतो आहे. यात कच्चेपणा कुठेच नाही.

इंग्रजीकडे ‘ला’ नाही. सर्वनामांमध्ये थोडी खूण उरली आहे, ‘ही’चा ‘हिम’ होतो, ‘वी’चा ‘अस’ होतो. पण ‘ही गेव्ह द बॉय अ बुक’ या वाक्यात ‘द बॉय’ला काय चिकटलंय? काहीच नाही. मुलाला पुस्तक दिलं की पुस्तकाला मुलगा दिला, हे कळतं ते फक्त जागेवरून. क्रियापदाच्या लगेच नंतर घेणारा, त्याच्यानंतर वस्तू. पॅसिव्हमध्ये कर्ता उठला की त्याची जागा रिकामी होते, आणि इंग्रजीत त्या जागेवर दोघांपैकी कोणीही येऊन बसू शकतं. ‘ला’ची दोरी नसल्यामुळे घेणाऱ्यालाही मुभा आहे. तो पुढे आला की ‘अस’चा ‘वी’, ‘हिम’चा ‘ही’, ‘हर’चा ‘शी’ होतो. मागे राहिलेली वस्तू मात्र क्रियापदामागे जिथे होती तिथेच थांबते. जुन्या व्याकरणांत तिला ‘रिटेन्ड ऑब्जेक्ट’, म्हणजे मागे राखून ठेवलेलं कर्म, असं नाव आहे.

हे ऐकून तुम्हाला कदाचित धीर येईल. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी या बाबतीत मराठीसारखी होती. तेव्हा नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत, घेणाऱ्याचं रूप वेगळं असे, आणि पॅसिव्हमध्ये तो आपल्या ‘मला’सारख्याच रूपात राही. कर्ता व्हायची ती वस्तू. पुढे ते प्रत्यय झिजत गेले. प्रत्यय गेल्यावर वाक्यात पहिल्यांदा येणारं नाम लोकांना कर्त्यासारखं ऐकू येऊ लागलं, आणि हळूहळू ‘आय वॉज गिव्हन’ ही रचना रुळली. त्या काळच्या एखाद्या इंग्रज माणसाला आजचं ‘वी वेअर टॉट ग्रामर’ दाखवलं असतं, तर त्यानेही तुमच्यासारखंच कपाळाला आठ्या घालून विचारलं असतं, आपण शिकवले गेलो का?

आता याचा उपयोग. असं वाक्य दिसलं की मनात त्या कर्त्याला ‘ला’ लावायचा. ‘वी वेअर टॉट ग्रामर’ म्हणजे ‘आम्हाला व्याकरण शिकवण्यात आलं.’ ‘शी वॉज ऑफर्ड अ जॉब’ म्हणजे ‘तिला नोकरी देऊ करण्यात आली.’ डोळ्यांना ‘शी’ दिसत असेल, पण अर्थ लावताना ‘तिला’ म्हणायचं. एवढी एक सवय लागली की तुमच्या शंकेचं निरसन आपोआप होतं.

ही सवय नसली तर केवढी उलथापालथ होते ते मी वर्गात पाहिलं आहे. एकदा फळ्यावर लिहिलं, ‘हिज मदर वॉज सेंट अ लेटर.’ मराठीत सांगा म्हटलं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत उत्तर एकच आलं, ‘त्याच्या आईने पत्र पाठवलं.’ सगळे शब्द ओळखीचे. आई, पाठवणे, पत्र. फक्त पत्र उलट्या दिशेला गेलं. आईला पत्र आलं होतं, मुलांनी आईकडून पाठवून दिलं. मी ‘वॉज’ या शब्दाखाली जाड रेघ ओढली आणि काही बोलले नाही. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘बाई, मग पाठवलं कोणी?’ तिला कळलं होतं. पाठवणारा वाक्यात नाहीच. त्या दिवसापासून मी हा धडा नियमाने सुरू करत नाही, याच वाक्याने करते.

‘ही वॉज रिफ्यूज्ड परमिशन’ यात तर याहून मोठा धोका आहे. घाईत वाचणारा म्हणतो, ‘त्याने परवानगी नाकारली.’ खरा अर्थ आहे, ‘त्याला परवानगी नाकारण्यात आली.’ अधिकारी आणि अर्जदार यांची अदलाबदल झाली! बातम्यांत, सरकारी पत्रांत, करारांत ही रचना सतत भेटते. त्यामुळे हा धडा एका मार्काचा आहे असं मुलाला वाटू देऊ नका.

आता करायचं कसं ते सांगते. कागदाच्या चार चिठ्ठ्या करा. ‘ही’, ‘टॉट’, ‘अस’, ‘ग्रामर’. टेबलावर ओळीने मांडा आणि मुलाला विचारा, यातला करणारा कोण, घेणारा कोण, वस्तू कोणती? ‘ऑब्जेक्ट’ हा शब्दसुद्धा काढू नका अजून. करणाऱ्याची चिठ्ठी उचलून उजवीकडे शेवटी ठेवायची, पाठीमागे ‘बाय हिम’ लिहून उलटी करायची. डावीकडची जागा रिकामी झाली. आता तिथे आधी घेणाऱ्याला बसवा. ‘अस’ची चिठ्ठी उलटी केली की मागे ‘वी’. क्रियापदाच्या चिठ्ठीवर ‘वेअर टॉट’. ‘ग्रामर’ला हात लावायचा नाही. वाक्य तयार झालं. मग सगळं पूर्ववत करून दुसऱ्या खेपेला वस्तूला डावीकडे बसवा. ‘ग्रामर वॉज टॉट’ इथवर आलं की मुलाला दिसेल, ‘अस’ मागे एकटाच उरलाय. त्याला धरून ठेवायला काहीतरी हवं. तिथे ‘टू’ येतो. हा ‘टू’ म्हणजे आपला ‘ला’च, फक्त शब्दाच्या आधी येणारा. ‘टू अस’, आम्हाला. मुलगा हे हाताने एकदा करील, दोनदा करील, तिसऱ्या वेळी चिठ्ठ्यांची गरज पडणार नाही.

एक बारीक गोष्ट तेव्हाच दाखवून ठेवा. डावीकडे कोण बसलं त्यावर ‘वॉज’ की ‘वेअर’ हे ठरतं. ‘दे शोड हिम टू पिक्चर्स’ (इथे ‘पिक्चर्स’आधीचा ‘टू’ म्हणजे दोन) याचं एक रूप ‘ही वॉज शोन टू पिक्चर्स’ आणि दुसरं ‘टू पिक्चर्स वेअर शोन टू हिम’. मार्क जातात ते बहुतेक वेळा इथे. मुलं ऑब्जेक्ट बरोबर निवडतात आणि ‘टू पिक्चर्स वॉज’ लिहून मोकळी होतात.

नेहमी ‘टू’च येतो का? नाही. गिव्ह, सेंड, शो, टीच, टेल, ऑफर, लेंड, पे, प्रॉमिस या क्रियापदांत काम समोरच्यापर्यंत पोचणं हाच मुद्दा असतो, तिथे ‘टू’. बाय म्हणजे विकत घेणे, मेक, फाइंड, बिल्ड ही कामं आधी करायची आणि मग कोणाला तरी द्यायची, तिथे ‘फॉर’. ‘हर फादर बॉट हर अ वॉच’ याचं ‘अ वॉच वॉज बॉट फॉर हर बाय हर फादर’. या दुसऱ्या गटाबद्दल माझं स्पष्ट मत सांगते, वस्तूने सुरुवात करा. ‘शी वॉज बॉट अ वॉच’ असं इंग्रजीत ऐकू येतं, त्याला चूक म्हणणार नाही. पण ‘शी वॉज मेड अ ड्रेस’ हे इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांपैकी अनेकांनाही कानाला अवघडल्यासारखं वाटतं. ‘अ ड्रेस वॉज मेड फॉर हर’ लिहिलं की प्रश्नच मिटला. आणि ‘आस्क’ हे क्रियापद वेगळंच आहे. ‘आय वॉज आस्क्ड अ क्वेश्चन’ सरळ आणि छान. प्रश्नाने सुरुवात करायचीच असेल तर ‘अ क्वेश्चन वॉज आस्क्ड ऑफ हिम’. तिथे ‘टू’ लावायचा मोह होतो, तो आवरायचा.

आता अशी चूक सांगते जी मराठी बोलणाऱ्या आपल्या सगळ्यांकडून होते, शिकलेल्यांकडूनही, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मराठीत ‘मला दिलं’, ‘मला सांगितलं’, ‘मला समजावलं’, ‘मला सुचवलं’ ही सगळी एकाच साच्यातली वाक्यं. आपल्याला वाटतं, इंग्रजीतही साचा एकच असणार. म्हणून आपण ‘आय वॉज गिव्हन’ आणि ‘आय वॉज टोल्ड’ यांच्या पाठोपाठ ‘आय वॉज एक्सप्लेन्ड द सम’ आणि ‘आय वॉज सजेस्टेड अ बुक’ असंही लिहितो. पहिली दोन बरोबर. शेवटची दोन चूक. कारण ‘एक्सप्लेन’ आणि ‘सजेस्ट’ या क्रियापदांना दोन उघडी कर्मं चालतच नाहीत. ‘ही एक्सप्लेन्ड मी द सम’ हेच मुळात चुकीचं वाक्य आहे (इथला ‘मी’ इंग्रजीतला, म्हणजे आपला ‘मला’). तिथे आधीपासूनच ‘टू’ लागतो, ‘ही एक्सप्लेन्ड द सम टू मी’. आणि ज्याच्या आधी ‘टू’ बसलेला आहे, तो इथे पुढे येऊन कर्ता होऊ शकत नाही. म्हणजे इथे घेणाऱ्याला त्याचा ‘ला’ मिळालेला आहे आणि इंग्रजी अगदी मराठीसारखी वागते. पुढे येणार ती वस्तूच. ‘द सम वॉज एक्सप्लेन्ड टू अस.’ ‘अ बुक वॉज सजेस्टेड टू अस.’

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. मूळ वाक्यात क्रियापदाच्या लगेच पुढे, मध्ये काही न घालता, माणूस ठेवता येतो का ते बघा. ‘टोल्ड हिम अ स्टोरी’, येतो. मग ‘ही वॉज टोल्ड अ स्टोरी’ चालणार. ‘सेड हिम अ वर्ड’, येत नाही. मग ‘ही वॉज सेड अ वर्ड’ कधीच लिहायचं नाही. ‘डिस्क्राइब’, ‘अनाउन्स’, ‘प्रपोज’ ही ‘एक्सप्लेन’च्या बाजूची मंडळी आहेत. ही यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगा आणि नवीन क्रियापद भेटेल तसं त्यात भर घाला. गाइडमध्ये ही यादी क्वचितच असते, आणि तिचा उपयोग मात्र परीक्षा संपल्यावर, अर्ज आणि पत्रं लिहायची वेळ आली की जास्त होतो.

अजून एक फसवं वाक्य. ‘दे मेड हिम कॅप्टन.’ दिसायला दोन ऑब्जेक्ट. पण ‘हिम’ आणि ‘कॅप्टन’ हा एकच माणूस आहे. ‘ही गेव्ह हिम अ पेन’ मध्ये माणूस वेगळा, पेन वेगळं. जिथे दोन्ही एकच, तिथे दोन कर्मं नाहीत, दुसरा शब्द पहिल्याचं वर्णन करतोय. त्याचं पॅसिव्ह एकच, ‘ही वॉज मेड कॅप्टन’. ‘कॅप्टन’ने सुरुवात होत नाही.

काळ बदलला तरी रीत तीच, म्हणून त्यावर फार थांबत नाही. ‘शी हॅज सेंट हिम अ लेटर’ याचं ‘ही हॅज बीन सेंट अ लेटर’ किंवा ‘अ लेटर हॅज बीन सेंट टू हिम’. ‘ही इज टीचिंग अस ग्रामर’ याचं ‘वी आर बीइंग टॉट ग्रामर’ किंवा ‘ग्रामर इज बीइंग टॉट टू अस’. आज्ञा असेल तर ‘गिव्ह हिम द की’ याचं ‘लेट हिम बी गिव्हन द की’ किंवा ‘लेट द की बी गिव्हन टू हिम’. यातल्या आज्ञेच्या वाक्यांचा वापर परीक्षेबाहेर फारसा होत नाही.

मग दोन्ही बरोबर असतील तर निवडायचं कोणतं? इथे माझं बाईंशी निम्मं जुळतं. इंग्रजी बोलणारे लोक बहुतेक वेळा माणसाने सुरुवात करतात. ‘वी वेअर टॉट ग्रामर’ हे त्यांच्या तोंडात जास्त बसतं. बाईंना मुलांना तीच सवय लावायची असेल. पण खरा निवाडा होतो तो आजूबाजूच्या मजकुरावरून. मारी क्युरीवर निबंध लिहिताय असं समजा. ती 1867 साली जन्मली, पॅरिसला शिकायला गेली, 1903 साली भौतिकशास्त्राच्या नोबेलची भागीदार झाली, आणि मग पुढचं वाक्य, ‘इन 1911 शी वॉज अवॉर्डेड द नोबेल प्राइज इन केमिस्ट्री’. गोष्ट तिची चालली आहे, म्हणून ‘शी’ पुढे. आता समजा तुम्ही रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा इतिहास लिहिताय, कोणत्या वर्षी कोणाला मिळाला त्याचा. तिथे ‘द 1911 प्राइज वॉज अवॉर्डेड टू मारी क्युरी’. घटना तीच, बक्षीस तेच, पण आता वाचकाचं लक्ष पुरस्कारावर आहे. इंग्रजीने घेणाऱ्याला पुढे येण्याची मुभा दिली त्याचा फायदा हा असा. ज्याची गोष्ट चालू आहे त्याला कर्त्याच्या जागेवरून न उठवता पुढचं वाक्य लिहिता येतं.

चाचणीतलं वाक्य मात्र सुटं होतं. त्याला मागेपुढे काही नाही. अशा वेळी प्रश्नात ‘अमुक शब्दाने सुरुवात करा’ असं म्हटलं असेल तर तसंच करायचं. म्हटलं नसेल तर दोन्ही उत्तरांना मार्क मिळायला हवेत, असं मी ठामपणे सांगते.

म्हणून त्या फुलीबद्दल. प्रश्नपत्रिका एकदा नीट बघा. सुरुवातीचा शब्द दिलेला नसेल, तर मुलालाच वही घेऊन बाईंकडे जाऊ द्या. तुम्ही जाऊ नका, चिठ्ठीही पाठवू नका. आणि गाइड तर मुळीच नेऊ देऊ नका, गाइड पुढे केलं की ते भांडण दिसतं. त्याने एवढंच विचारायचं, ‘बाई, मी ग्रामर या शब्दाने सुरुवात केली आणि ‘टू अस’ लिहिलं. हे चालतं का?’ पन्नास-साठ वह्या तपासताना नजरेसमोर एक नमुना उत्तर असतं आणि हात त्याच्याशीच जुळवत जातो. हे माझ्याकडूनही झालेलं आहे. एका मुलीने असंच वही घेऊन येऊन विचारलं तेव्हा मी तिच्यासमोर फुली खोडून बरोबरची खूण केली, आणि उरलेल्या वह्या पुन्हा काढून पाहिल्या. आणखी चार निघाल्या. मार्क वाढले नाहीत तरी मुलाने प्रश्न विचारला, कारण दिलं, हे त्याच्याजवळ राहील.

आणि तुमचं म्हणाल तर, ‘बाईंना विचार’ म्हणण्याऐवजी पुढच्या वेळी ‘मलाही ठाऊक नाही, चल बघू’ म्हणा. तुमची मराठी पक्की आहे, म्हणूनच तुम्हाला हे वाक्य खटकलं. ज्याला ‘मला’ आणि ‘मी’ यांतला फरक इतका आतून जाणवतो, त्याला इंग्रजीतला हा धडा शिकवायला दुसरी तयारी लागत नाही.

आज संध्याकाळी ही चार वाक्यं त्याला द्या. ‘शी टोल्ड अस अ स्टोरी.’ ‘ही एक्सप्लेन्ड द रूल टू अस.’ ‘दे इलेक्टेड हर प्रेसिडेंट.’ ‘माय ब्रदर लेंट हिम टू बुक्स’ (इथेही ‘टू’ म्हणजे दोन). कोणत्या वाक्याची दोन रूपं होतात आणि कोणत्याचं एकच, ते आधी तोंडी सांगायला लावा, मग लिहायला. तुम्हीही वेगळ्या कागदावर सोडवा आणि नंतर दोघांनी कागद अदलाबदल करून तपासा. अडलात तर दोन्ही कागद मला पाठवून द्या.